मामांच्या ओळखीची गाडी आणि ‘किरकोळ’ काम

प्रश्न : आम्ही साक्री तालुक्यातले. वडिलांच्या उपचारांसाठी महिन्यातून दोन-तीनदा धुळ्याला जावं लागतं, एसटीचा प्रवास त्यांना आता झेपत नाही. बाकी शेत, बाजार, नात्यातली लग्नकार्यं. सगळं धरून महिन्याला पाचशे किलोमीटरच्या वर गाडी फिरणार नाही. सुरतला उधन्यात माझे मामा राहतात. त्यांच्या शेजाऱ्यांना २०१४ ची डिझेल स्विफ्ट डिझायर विकायची आहे. पहिलाच मालक, मीटर ९८ हजार, किंमत सव्वातीन लाख. एकदा दुपारी चालवून पाहिली. क्लच जड लागला, एसी गार करत नव्हता, जोरात रेस दिली की मागून काळा धूर. मालक म्हणाले, ‘सकाळी चालू करताना दोन सेकंद आवाज येतो, बाकी काही नाही. एसीत फक्त गॅस भरायचा आहे. किरकोळ काम आहे.’ मामा म्हणतात, ‘गाडी चोखी शे, डोया झाकीसन ली ले.’ मेकॅनिक सोबत नेला तर मामांना वाईट वाटेल अशी भीती आहे. गाडी घ्यावी का?
— एक वाचक, ता. साक्री, जि. धुळे

उत्तर : सव्वातीन लाखांना घेऊ नका, भाऊ. गाडी वाईटच आहे असं नाही, पण मालकांनी सांगितलेलं ‘किरकोळ’ काम नेमकं किती हजारांचं, हे कळेपर्यंत तिची किंमत कोणालाच ठरवता येणार नाही, मामांनाही नाही. नुसता गॅस भरून एसी सुरू होत असता, तर दोन-अडीच हजार खर्चून त्यांनी तो भरला असता आणि गाडी थंडगार करून तुमच्यासमोर उभी केली असती. विकणारा माणूस स्वस्तातलं काम कधी बाकी ठेवत नाही.

आधी एक हिशेब, कारण तो गाडीच्या तब्येतीपेक्षा महत्त्वाचा आहे. महिन्याला पाचशे किलोमीटर. ही डिझेल डिझायर रोजच्या वापरात लिटरला अठराच्या आसपास देते, म्हणजे साधारण २८ लिटर. पेट्रोलची तशीच गाडी पंधरा देईल, म्हणजे ३३ लिटर. डिझेल ९० आणि पेट्रोल १०५ च्या आसपास धरलं, तर महिन्याला फरक हजार रुपयांच्या आत-बाहेर. पंपावरचा आजचा भाव घालून तुम्हीच करून बघा. वर्षाला बारा हजार वाचले आणि डिझेल फवारणारे दोन इंजेक्टर रिपेअर करायला निघाले, की बचत संपली. महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्याला डिझेल परवडतं. तुमच्या वापराला पेट्रोलची गाडी, मग ती वॅगन-आर असो की स्विफ्ट, जास्त सोयीची. तरीही हीच गाडी घ्यायची असेल, तर ती स्वस्त पडली पाहिजे. इंधन वाचेल म्हणून जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

आता गाडीच्या बाजूनं बोलायचं तर, या इंजिनाला घाबरायचं कारण नाही. मारुतीच्या डिझायरमधलं हे १.३ लिटरचं डिझेल इंजिन मुळात फियाटचं. तेच टाटाच्या व्हिस्टा, मांझा, झेस्टमध्ये आणि फियाटच्या पुंतोत होतं. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, पण इतक्या गाड्या रस्त्यावर आहेत की धुळ्यात पार्टही मिळतात आणि ते उघडून बसवणारे हातही. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नसून साखळी आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलण्याचा खर्च नाही. पण साखळीचं आयुष्य ऑइलवर अवलंबून. दहा हजारांना ऑइल बदलायचं ते पंधरा-अठरा हजारांवर गेलं, की साखळी ताणली जाते आणि तिला ताठ ठेवणारा टेन्शनर ढिला पडतो. हा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. म्हणूनच रात्रभर उभ्या गाडीत सकाळी दाब तयार होईपर्यंत खर्रर्र असा आवाज येतो. मालकांनी ज्याला ‘दोन सेकंद आवाज’ म्हटलं तो बहुधा हाच. दोन सेकंदांत थांबला तर साखळी अजून चालेल. पण इंजिन सुरू होऊन मिनिट झालं तरी आल्टरनेटरच्या बेल्टच्या बाजूनं साखळी वाजतच असेल, तर साखळी, टेन्शनर, गाइड असा सगळा सेट बदलावा लागतो. ते टाळलं आणि साखळीनं दात सोडला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. मग इंजिन उघडणं आलं.

तुम्ही गाडी दुपारी चालवली, तिथेच चुकलं. गरम इंजिन बरंच काही लपवतं. रात्रीच्या बसनं किंवा नंदुरबारहून ताप्ती लाइनच्या गाडीनं सुरतला जा, मामांकडे मुक्काम करा आणि सकाळी सहा-सातला, गाडी कोणी चालू करण्याआधी, शेजाऱ्यांच्या दारात उभे राहा. आदल्या दिवशीच सांगून ठेवा की सकाळी चावी मी फिरवणार. बोनेटला हात लावा. कोमट लागलं तर कोणीतरी आधीच इंजिन तापवून ठेवलंय. मग त्या दिवशीची तपासणी सोडून द्या, दुसऱ्या दिवशी या.

चावी ‘ऑन’वर आणा, इंजिन चालू करू नका. ऑइलचा, बॅटरीचा, इंजिनचा, एअरबॅग असेल तर तिचा, असे सगळे दिवे लागले पाहिजेत. एखादा दिवा लागलाच नाही तर बिघाड झाकायला तो काढून टाकलेला असू शकतो. पिवळ्या वेटोळ्याचं चिन्ह विझेपर्यंत थांबा, मग स्टार्ट करा. दोन-तीन सेकंदांत इंजिन पकडलं पाहिजे. चालू होताच पळत मागे जा आणि धूर बघा, किंवा मामांच्या मुलाला मागे उभा करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, टर्बोच्या (इंजिनात हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) सीलमधून किंवा पिस्टनच्या रिंगांमधून. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा कच्च्या डिझेलचा वास म्हणजे इंजेक्टर किंवा थंड इंजिन तापवणारे ग्लो प्लग बिघडलेत. पांढराच पण गोडसर वासाचा आणि थांबतच नसेल, तर कूलंट सिलिंडरमध्ये जातंय. असं असेल तर चहा घ्या आणि परत या.

तुम्हाला दिसलेला काळा धूर यात सगळ्यात कमी भीतीचा. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर बुजलेला असेल, थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळी बसली असेल, टर्बोपासून इंजिनाकडे जाणारा एखादा रबरी पाइप फाटला असेल. ही कामं काही शे ते तीन-चार हजारांत होतात. पण कारण इंजेक्टर असेल तर हिशेब बदलतो. त्यासाठी मेकॅनिककडून इंजेक्टरची बॅक लीक टेस्ट करून घ्या. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडतात आणि इंजिन थोडा वेळ चालू ठेवतात. चारही बाटल्यांत डिझेल जवळपास सारखं जमलं तर ठीक. एका बाटलीत दुप्पट-तिप्पट जमलं तर तो इंजेक्टर आतून झिजलाय. ही टेस्ट करायला फार वेळ लागत नाही, पण ती करणारा डिझेलचाच माणूस लागतो. चौकातल्या पंक्चरवाल्याला ‘जरा बघून घ्या’ म्हणून ती होत नाही.

इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण उघडून जागेवर उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर चालतं, डिझेलमध्ये एवढं असतंच. झाकण उडून पडलं किंवा आतून फसफस धूर येत राहिला, तर रिंगांची झीज होऊन इंजिनची कॉम्प्रेशन, म्हणजे दाब धरायची ताकद, गेलेली आहे. या गाडीचा विषय तिथेच संपवा. कूलंटची टाकी मात्र गाडी थंड असतानाच बघायची. आत कूलंटचा रंग असला पाहिजे. गढूळ तांबूस पाणी दिसलं तर नळाचं किंवा बोअरचं पाणी भरत आले आहेत. त्या खाऱ्या पाण्याचा थर रेडिएटरमध्ये साचतो आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, ४३-४४ अंशांत, गाडी तापायला लागते. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालचं पॅकिंग, गेलेलं असतं.

मीटरचं काय? अकरा-बारा वर्षांत ९८ हजार, म्हणजे वर्षाला आठ-नऊ हजार. इतकं कमी चालवणारा माणूस सहसा डिझेल घेत नाही, तेव्हा शंका घ्यायला जागा आहे. मारुतीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडी नंबरवरून सर्व्हिसची नोंद निघते, मालकांना सोबत घेऊन ती पाहा. शेवटच्या नोंदीतलं किलोमीटर आजच्या मीटरपेक्षा जास्त असेल तर उत्तर मिळालं. नोंद कमी आहे पण पाच वर्षांपूर्वीच तुटली असेल, तर क्लचच्या पेडलचं रबर, गिअर नॉबचं अक्षर आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघा. हे तिन्ही गुळगुळीत झालेले असतील आणि मीटर लाखाच्या आत असेल, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. त्याच फेरीत स्कॅनर लावून इंजिनच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचून घ्या.

क्लच जड लागणं म्हणजे प्रेशर प्लेट थकलेली असते. सुरतच्या ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर गाडी चालली की हेच होतं. खात्रीसाठी मोकळ्या सपाट जागी, समोर कोणी नाही बघून, हँडब्रेक पूर्ण ओढा, तिसरा गिअर टाका, थोडी रेस देत क्लच सावकाश सोडा. इंजिन बंद पडलं तर प्लेट धरतेय. चालूच राहिलं तर घसरतेय. हा प्रयोग एकदाच करायचा, पुन्हा पुन्हा नाही. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलायची असतात, कारण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा कोण देणार?

एसीकडे थोडं सविस्तर बघा, वडील पेशंट आहेत आणि धुळ्याचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळला. गळती पुढच्या कंडेन्सरमध्ये असेल, म्हणजे हायवेचे दगड लागून, तर कंडेन्सर बदलून काम भागतं. पाइपांच्या जोडातली ओ-रिंग असेल तर त्याहून स्वस्त. पण डॅशबोर्डच्या आतली कूलिंग कॉइल गळत असेल तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि जुन्या गाडीचा डॅशबोर्ड एकदा उतरला की नंतर कुठेतरी किरकिर राहतेच. म्हणून ‘गॅस भरून देतो’ याला हो म्हणू नका. नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट करायला सांगा, किंवा चकाकणारा रंग टाकून गळती शोधायला सांगा. एसीचं बटण दाबल्यावर ‘टक’ असा आवाज येऊन इंजिनची चाल किंचित बदलते, रेडिएटरचा पंखाही फिरू लागतो. हे काहीच झालं नाही तर गॅस नसेलच, किंवा कंप्रेसरचा क्लच गेला असेल.

सुरतेत पावसाळ्यात खाड्यांचं पाणी वस्त्यांमध्ये शिरतं, त्यामुळे तिकडची गाडी बघताना पाण्याची तपासणी सोडायची नाही. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. वरचा भाग स्वच्छ आणि आतल्या टोकाला चिखलाचा पट्टा दिसला तर गाडी बुडालेली आहे. डिकीतली स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघा, सीट ज्यावर सरकते त्या रुळांना गंज आहे का बघा, पायाखालचं कार्पेट कोपऱ्यातून उचलून हात लावा. बुडालेली गाडी आज चालते, उद्या वायरिंगमध्ये एकेक तक्रार काढत राहते. ती कोणत्याही किमतीला नको.

टायर, सस्पेंशन यात जास्त डोकं लावायची गरज नाही, हे पैशांत मोजता येतं. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. ३२१९ असेल तर २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला टायर. सहा वर्षं ओलांडली असतील किंवा बाजूला बारीक भेगा असतील, तर नक्षी कितीही शिल्लक असो, बदलायचा खर्च धरा. गतिरोधकावरून सावकाश घ्या, पुढून खटखट आली तर लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश. टर्बो बघायला तिसऱ्या गिअरमध्ये रेस द्या. साधारण दोन हजार आरपीएमला गाडीनं मागून ढकलल्यासारखी ओढ घेतली पाहिजे. त्याखाली ती सुस्त असते, तो बिघाड नव्हे, या इंजिनाचा स्वभाव आहे. पण ओढ घेताना शिट्टी किंवा सायरनसारखा आवाज नको.

आता पैसे. पुढचे आकडे खासगी गॅरेजचे, ढोबळ, गावोगावी फरक पडतो. प्रत्यक्षात मेकॅनिककडून लेखी अंदाज घ्या. क्लचचा सेट मजुरीसह बारा हजार. साखळीचा सेट पंधरा हजार. एसीला कंडेन्सर धरून दहा हजार. दोन टायर नऊ हजार. ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल अशी पूर्ण सर्व्हिस सात हजार, ही तर कोणतीही जुनी गाडी घेतल्यावर करायचीच. झाले ५३ हजार. त्यावर वीस-पंचवीस हजार हाताशी ठेवा, कारण क्लचला हात घातला की मिस्तरी आणखी दोन गोष्टी दाखवतोच. म्हणजे आज दिसणाऱ्या लक्षणांवरून तुमची वरची हद्द अडीच लाखांच्या आसपासच येते, आणि त्यातूनही महाराष्ट्राचा कर वजा व्हायचा आहे. साखळी ठीक निघाली तर पंधरा हजार वाढवून द्या, इंजेक्टर गेलेला निघाला तर त्याचा खर्च कमी करा. एकेका कामाचा आकडा मांडून बोललात तर घासाघीस वाटणार नाही.

कराचं म्हणाल तर गाडी गुजरात पासिंगची. सुरत आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ मालकांनी काढून द्यायची, चलनं बाकी असतील तर आधी भरायची. विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. गाडीवर कर्ज काढलेलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, आरसीवर बँकेचं नाव तसंच राहिलेलं बऱ्याचदा दिसतं. मग धुळे आरटीओत एमएच-१८ चा नवा नंबर आणि इथला कर, वरून नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. कर किती बसेल ते गाडी बघायला जाण्याआधीच आरटीओत विचारून या, तो किमतीतच धरायचा आहे. ‘आधी चालव, नाव नंतर करू’ याला दोघांनीही हो म्हणू नये. अपघात झाला तर नोंदीवरचा मालकच जबाबदार धरला जातो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे जास्त धोका शेजाऱ्यांनाच आहे, हे त्यांना सांगून टाका. आरसीची पंधरा वर्षं २०२९ मध्ये संपतील, तेव्हा फिटनेस आणि पर्यावरण कर येईल. गाडी पुढे विकायची झाली तर गिऱ्हाईकही ते मोजणार. विमा तुमच्या नावे करायला व्यवहारापासून चौदा दिवसांत अर्ज करा. थर्ड पार्टी आपोआप पुढे चालू राहतो, पण तुमच्या गाडीचं नुकसान अर्जाशिवाय भरून मिळत नाही. नो क्लेम बोनस शेजाऱ्यांचा, तो गाडीसोबत येत नाही. त्यांचा फास्टॅगही त्यांनाच बंद करायला सांगा.

राहिला मामांचा मान. मेकॅनिक नेणं हा अविश्वास नाही, फक्त तो मामांच्या ओळखीचा नको आणि शेजाऱ्यांच्या गॅरेजचा तर नकोच. सुरतेतल्या अधिकृत वर्कशॉपमध्ये पैसे भरून तपासणी करून घेतलीत, तर दोष सांगणारा कागद बोलेल, तुम्ही किंवा मामा नाही. मामांना आधीच फोन करा आणि म्हणा, ‘वडिलांना घेऊन धुळ्याच्या वाटेवर बंद पडायला नको, म्हणून कागदावर तपासून घेतो.’ भाव ठरवायला मामांना पुढे करू नका. पुढे काही बिघडलं तर शेजाऱ्यांच्या दारात रोज त्यांनाच जायचं आहे. टोकन द्यायचं तर पाच हजारांच्या वर नको, आणि पावतीवर एवढं लिहून घ्या : ‘वर्कशॉपच्या तपासणीत इंजिनची कॉम्प्रेशन, कूलंट किंवा पाणी शिरल्याची तक्रार निघाल्यास टोकन परत, बाकी रक्कम एनओसी आणि सह्या केलेले फॉर्म हातात आल्यावर बँकेतून.’ खाली दोघांच्या सह्या, आणि साक्षीदार म्हणून मामांची.